रावसाहेबांचं आदर्श तोंड

मुंबईच्या दंतवैद्यक महाविद्यालयात मला दोन विषय शिकवायला मिळाले. पहिला, दंतवैद्याने रोग्याजवळ उभं कसं राहावं. दुसरा, हत्यार हातात घेण्याआधी तोंड कसं पाहावं. आज पहिल्या विषयाला भारदस्त नाव आहे, त्याच्या परिषदा भरतात. चाळीसच्या दशकात मात्र हे दोन्ही विषय म्हणजे बाजार उठताना उरलेली भाजी होती. दात काढणं, कवळी बसवणं, सोनं भरणं ही मानाची कामं ज्येष्ठांकडे होती. उभं राहायला आणि पाहायला काय शिकवायचं, असं त्यांना वाटे. म्हणून हे विषय नव्याने लागलेल्या माझ्याकडे आले, आणि मी वाकून ते घेतले.

वाकणं माझ्या अंगवळणी पडलं होतं. मंगरूळपीरच्या शिवारात आमचा भाजीचा मळा. आई-वडील वांगी, मेथी आणि आमच्याकडे सांबार म्हणतात ती कोथिंबीर पिकवून बाजारात विकायचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं. मी पदवीधर झालो तो अनेकांच्या उपकारांवर, आणि उपकार करणारी माणसं फार लवकर ओळखू येतात, कारण ती आपल्याला वाकायला पुरेसा वेळ देतात. त्यामुळे वर्गात मी ‘पाठ ताठ ठेवा’ असं घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो आणि वर्गाबाहेर पडलो की दिवसभर वाकायचो. तिशीतच माझी कंबर धरली. विद्यार्थ्यांना मी तिचं कारण रोगी असं सांगत आलो.

आमच्या विभागाचे प्रमुख मात्र कधी वाकलेले कोणी पाहिले नाहीत. विलायतेत शिकून आलेले, कडक कॉलर, मान उंटासारखी. त्यांचं एक सूत्र होतं आणि ते मीच वर्गात लिहून द्यायचो: रोग्याने दंतवैद्याच्या उंचीला यावं, दंतवैद्याने रोग्याच्या उंचीला जाऊ नये. त्यासाठी खुर्ची असते. पायाने दांडा दाबत गेलं की खुर्ची वर चढते, दुसरा दांडा दाबला की हळूहळू खाली येते. माझ्या वर्गात एकच मुलगी होती. ती इतकी बुटकी की खुर्ची अगदी खाली असली तरी तिला खोक्यावर उभं राहावं लागे. प्रमुख म्हणायचे, “खोकं हे दंतवैद्याचं उपकरण नाही,” आणि तिचे गुण कापायचे.

एका उन्हाळ्यात प्रमुखांच्या मनात आलं की विद्यार्थ्यांना खेड्यातली तोंडं दाखवावीत.

“तुमचा वऱ्हाडचा भाग मागासलेला आहे ना?” त्यांनी मला विचारलं. “तिथले दात चांगलेच वाईट असतील.”

“हो सर, फार वाईट आहेत,” मी म्हणालो. आपल्या गावाकडे मोठ्या माणसाला हवं असलेलं काही तरी आहे, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मंगरूळपीरला शिबिराची जागा दिली रावसाहेबांनी. हे आमच्याकडचे जिनिंगचे मालक. कापसाचा हंगाम संपला की जिनाची मोठी शेड रिकामी पडायची. शाळेच्या समितीपासून व्यायामशाळेपर्यंत जिथं जिथं अध्यक्ष लागे तिथं तेच असत. मुंबईच्या वसतिगृहात मला जागा मिळावी म्हणून एकदा त्यांनी शिफारस केली होती. तेव्हापासून चारचौघांत मी दिसलो की ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, “हे आमी लावलेलं झाड हाय.” झाडाने अशा वेळी वाकायचं असतं. मी वाकायचो.

खुर्ची मुंबईहून रेल्वेने जऊळक्याच्या ठेसनावर उतरली आणि तिथून बैलबंडीने मंगरूळपीरला आली. ओतीव लोखंड, निकेलचे दांडे, लाल कातडी गादी. बंडीवाल्याने वाटभर माझं डोकं खाल्लं.

“मास्तर, हे कोनासाठी हाय?”

“दाताच्या रोग्यांसाठी.”

“गंमत करता काय गा गरिबाची? यावर राजा बसते. दात दुखनारा कायले बसन यावर?”

मी हसलो. हसायला नको होतं, कारण आठवड्याभरात सगळं तसंच झालं.

उद्घाटनाला गाव लोटलं. सतरंज्या होत्या, हार होते, शाळेच्या बाकांवर प्रतिष्ठित मंडळी होती. रावसाहेब आले, त्यांनी चहूकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन आमच्या लाल खुर्चीवर बसले. अध्यक्षांसाठी वेगळी लाकडी खुर्ची मांडली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर त्यांची चूक नव्हती. एवढ्या शेडमध्ये एकच वस्तू सिंहासनासारखी दिसत होती आणि सिंहासनावर कोण बसतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

शाळेचा शिपाई तिथं उभा होता. त्याचा पाय चुकून दांड्यावर पडला आणि रावसाहेब चार बोटं वर गेले. सभा चकित झाली. रावसाहेबही क्षणभर दचकले, मग त्यांना ते आवडलं.

“दाब गा आनखी,” ते म्हणाले.

शिपाई दाबत गेला, रावसाहेब चढत गेले, लोक टाळ्या वाजवत गेले. शेवटी त्यांचे जोडे प्रतिष्ठितांच्या छातीपर्यंत आले तेव्हा कुठे त्यांनी भाषण सुरू केलं. प्रमुख शेजारी ताठ उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मान वर करून बोलणं ऐकत होते.

मी खुर्चीच्या अगदी पायाशी होतो, म्हणून मला जे दिसलं ते बाकी कोणाला दिसलं नाही. रावसाहेबांच्या जबड्याची खालची बाजू माझ्या डोळ्यांसमोर आली होती. उजव्या बाजूला जबड्याखाली गाठ होती. तंबाखू ते माझ्या लहानपणापासून उजव्या गालात ठेवत; गाव त्यांच्या फुगलेल्या उजव्या गालाने त्यांना लांबून ओळखायचं. त्या दिवशी तंबाखू डाव्या गालात होती. आणि ज्या माणसाचं तोंड भाषणाला दरवाजासारखं उघडायचं, त्याचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. शब्द फटीतून सरकून बाहेर येत होते. दुपारी पंगतीत त्यांनी भाकरीला हात लावला नाही, ठेच्याची वाटी दूर सारली आणि दूधभात गिळला.

मी वर्गात शिकवत असे: आधी पाहा, मग विचारा, हात शेवटी लावा. पाहून झालं होतं. विचारायचं धाडस नव्हतं. जे मला वाटत होतं ते खरं असेल तर रावसाहेबांकडे फार वेळ नव्हता, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्यासारखे होते.

संध्याकाळी मी प्रमुखांना सांगितलं.

“तुम्ही तोंड पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही सर, बाहेरून.”

“मग बाहेरच राहा. त्यांनी जागा दिली, जेवण दिलं. यजमानाच्या तोंडात रोग शोधणं हा कुठला शिष्टाचार?”

शिष्टाचाराचं पुस्तक त्यांनी विलायतेहून आणलं होतं. तोंडाचं पुस्तकही तिथलंच होतं, पण ते बहुधा पेटीत तळाशी राहिलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून रोगी येऊ लागले आणि एकही माणूस खुर्चीवर बसेना. बाजारातले बागवान आले, मोमीन आले, शेतकरी आले, बाया आल्या. खुर्चीकडे बोट दाखवलं की सगळे मागे सरत.

“बसा ना काका,” मी एका म्हाताऱ्याला म्हणालो.

“अठी रावसायेब बसले व्हते, बाप्पा. आमी कसं बसाव?”

“अहो, ती तुमच्यासाठीच आणलीय.”

“दात दुखते म्हनून का अक्कल गेली हाय माही?” म्हातारा म्हणाला, आणि भिंतीला टेकून उकिडवा बसून त्याने तोंड उघडलं.

मग सगळेच तसे बसले. भिंतीला टेकून उघड्या तोंडांची लांब ओळ. आमचे विद्यार्थी त्यांच्यापुढे कमानीसारखे वाकले. प्रमुख मधून फिरत “पाठ! पाठ!” ओरडायचे आणि त्या वाकलेल्या पाठींवर छडीने टिचक्या मारायचे. सूत्राप्रमाणे रोग्याने वर यायचं होतं, पण रोगी वर येत नव्हता, कारण वर रावसाहेब होते. म्हणजे खुर्ची रिकामी होती, तरी तिथं रावसाहेबच बसलेले होते. ती बुटकी मुलगी तेवढी मजेत होती. ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसे आणि पाठ न वाकवता तोंड पाहत असे. प्रमुखांनी तिचे बसण्याचेही गुण कापले.

वडील रोज शिबिराच्या स्वयंपाकाला भाजी घेऊन यायचे. पाटी खाली ठेवून ते त्या कमानींकडे पाहत.

“तू मुंबईले शिकवते ते हेच काय गा?” त्यांनी विचारलं.

“मी ताठ उभं राहायला शिकवतो, बा.”

“बरं हाय,” ते म्हणाले. “मंग हे पोट्टे कोनाचे व्हत?”

रावसाहेब रोज सकाळी येऊन जात. लाल खुर्चीवर बसत, वर चढत आणि वरून शिबिर पाहत. गाठ मला रोज मोठी दिसत होती. भीतीनेही तशी दिसत असेल. त्यांना सरळ सांगितलं असतं तर ते हसले असते किंवा मला हाकलून दिलं असतं. मोठ्या माणसाला आजार होतो ही गोष्ट त्याच्या हाताखालच्या माणसाने सांगायची नसते. त्यांचं तोंड उघडायला एकच हत्यार चालणार होतं आणि ते आमच्या पेटीत नव्हतं. ते चालवायला मी गावातच लहानपणी शिकलो होतो: स्तुती.

“रावसाहेब जी,” मी वाकून म्हणालो, “पोरांनी आठवडाभर सडके दातच पाह्यले. एक आदर्श तोंड कसं असते ते त्याईले दाखवाव म्हनतो. गावात तुमच्यासारखे दात कोनाचे हायेत?”

समोरचे दात खरोखर सुंदर होते. रावसाहेब खुलले.

“दाखवू ना. सगळ्याइले बोलाव.”

त्यांनी खरंच सगळ्यांना बोलावलं. घरच्या बायाही आल्या. त्यांच्यासाठी शेडच्या कडेला बांबूच्या चिकाचा पडदा लागला. प्रमुखही प्रसन्न झाले. आदर्श तोंड ही कल्पना त्यांना शिष्टाचारात बसणारी वाटली.

रावसाहेब खुर्चीवर बसून वर चढले. अट त्यांनी आधीच घातली होती: “कोनी माह्या डोक्याच्या वर नाई गेलं पायजे.” विद्यार्थी एकेक करून आले. ताठ पाठीने टाचा उंचावून पाहिलं की रावसाहेबांच्या समोरच्या दातांचा खालचा काठ दिसे. तेवढा पाहून प्रत्येक जण “उत्तम” म्हणून पुढे जाई. प्रमुखांनी स्वतः येऊन मान ताठ ठेवून “अत्युत्तम” म्हटलं. एवढी तजवीज करून तोंड उघडलं, आणि माझे विद्यार्थी मीच शिकवलेल्या पाठीने त्यात बघत नव्हते.

मग ती मुलगी आली. तिला तर काठही दिसेना. ती गेली आणि ज्या खोक्यातून खुर्चीचं सामान आलं होतं ते ओढत घेऊन आली. प्रमुखांनी डोळे मिटले. ती खोक्यावर चढताच रावसाहेबांनी शिपायाला खूण केली आणि तेही एक दाब वर गेले. तिने उतरून आणखी एक खोकं आणलं आणि ते पहिल्यावर ठेवून वर चढली. रावसाहेब आणखी एक दाब वर. खुर्ची तिथं संपली. असे दोघं हवेत गेल्यावर त्या शिबिरात पहिल्यांदा रोग्याचं तोंड दंतवैद्याच्या डोळ्यांसमोर नीट आलं.

तिने आरशाने उजवा गाल बाजूला केला. मग थांबली. बोट आत घालून चाचपलं, नंतर जबड्याखाली.

“सर,” ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “गालाच्या आत जखम आहे. कडा उचललेल्या आहेत आणि बोटाला घट्ट लागतात. मानेत गाठ आहे.”

“आदर्श तोंडात जखम नसते,” प्रमुख म्हणाले. “खाली उतरा.”

“का म्हनते पोरगी?” रावसाहेबांनी विचारलं.

“काही नाही, रावसाहेब. तंबाखूचा डाग. पुढचा विद्यार्थी!”

पुढचा विद्यार्थी आलाही. आमच्याकडे शिस्त होती.

“डाग नाही,” मी म्हणालो. “रावसाहेब जी, हा वाईट आजार हाय. आत्ताच कापून काढला त तुमी वाचान. थांबले त वाचनार नाई. उद्याच्या गाडीनं मुंबईले चला.”

रावसाहेबांचा चेहरा खुर्चीच्या गादीइतका लाल झाला. त्यांना उठून ताडताड निघून जायचं होतं, पण ते छताजवळ होते. त्यांनी शिपायाला ओरडून खाली घ्यायला सांगितलं. शिपायाने दुसरा दांडा दाबला. मात्र ती खुर्ची रोग्याला हिसका बसू नये म्हणून तेलावर चालणारी, अतिशय सावकाश खाली येणारी होती. रावसाहेब तिच्यावर बसून सुस्कारत, इंच इंच उतरत, मला शिव्या देत राहिले.

“मले आदर्श म्हनून बसवलं, अन् सगळ्या गावापुढं सडका ठरवून राह्यला तू!”

“जी.”

“मी शिफारस नसती केली त आज बाजारात वांगे विकत बसला असता!”

“व्हय जी. अन् मंग तुमाले हे कोनी सांगतलं नसतं.”

हे मी कसं बोललो ते मला अजून कळत नाही. खुर्ची अर्ध्यावर आली होती. मला आणखी एक गोष्ट उशिरा जाणवली. मी ताठ उभा होतो.

“उतरव ना बे लवकर!” रावसाहेब शिपायावर खेकसले. खुर्ची आपल्या गतीने उतरली. त्यांचे पाय जमिनीला लागले तेव्हा शिव्या संपल्या होत्या, आणि कोणाकडेही न बघता ते निघून गेले. प्रमुखांनी मला सांगितलं की ह्या शिबिराचा अहवाल माझ्या पुढच्या वाटचालीला पोषक नसेल.

दुपारी रोग्यांची ओळ पुन्हा भिंतीला लागली. माणसं कमी झाली होती. ओळीच्या शेवटी तोंडावर पदर घेतलेली एक बाई इतरांसारखीच उकिडवी बसली होती. मी पुढे जाऊन बसलो आणि तोंड उघडायला सांगितलं. तिने उघडलं नाही.

“माहे दात बरे हायेत,” ती हळू आवाजात म्हणाली. मग मी ओळखलं. त्या रावसाहेबांच्या पत्नी होत्या. “खरं सांगतलं तू सकाळी?”

“खरं सांगतलं, बाईसाहेब.”

“दिवाळीपासून भाकर बंद हाय त्याइची. भात कुस्करून द्या लागते. काहून म्हटलं त म्हनते, दाढ दुखून राह्यली.” त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. “मुंबईले कोन्या डाक्टरकडे न्या लागते ते सांग. मी नेतो.”

“ते ऐकतीन का?”

“कुस्करलेला भात बंद केला का ऐकतीन,” बाईसाहेब म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

त्यांनी नेलं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रावसाहेबांच्या गालाचा तुकडा आणि जबड्याचा थोडा भाग काढला. ते वाचले, बरीच वर्षं जगले. पण बोलणं कायमचं घोगरं आणि तुटक झालं, आणि गावातल्या सभा आटोपशीर होऊ लागल्या.

उपकाराची फेड कशी झाली, तेही सांगतो. रावसाहेबांनी बैठकीत प्रमुखांची मोठी तसबीर लावली, कारण एवढ्या मोठ्या माणसाचा आजार एवढ्याच मोठ्या माणसाने ओळखायला हवा होता. प्रमुखांनीही ते नम्रपणे मान्य केलं. परिषदेत त्यांनी ‘केवळ दृष्टिक्षेपात निदान’ ह्या विषयावर व्याख्यान दिलं आणि ताठ उभं राहण्याचे फायदे सांगितले. काचेची चित्रं दाखवायचा दिवा मी धरला होता. ती मुलगी प्रेक्षकांत बसली होती. तिच्या पुढे बसलेल्या उंच माणसामुळे तिला काही दिसत नव्हतं, हे तिचं भाग्य. शिक्षा म्हणून तेच दोन विषय निवृत्तीपर्यंत माझ्याकडे ठेवले गेले.

खुर्ची परत आलीच नाही. न्यायला गेलो तेव्हा रावसाहेबांच्या माणसांनी विचारलं, “सायेब बसले ते आता दुसऱ्याच्या बुडाखाली कसं द्याचं?” ती त्यांच्या ओसरीवर राहिली.

दर उन्हाळ्यात गावी गेलो की मी रावसाहेबांचं तोंड तपासायला जात असे. तो आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून पाहत राहावं लागे. ते मला बोलावत नसत, मी गेल्यावर ते नाही म्हणत नसत. लाल खुर्चीवर बसत आणि तोंड उघडत. डोक्याच्या वर जाण्याची बंदी कायम होती. म्हणून मी खाली पाटावर बसायचो, आरसा वर धरायचो आणि ते मान खाली घालून माझ्यापुढे वाकायचे. गालाचा तो कोपरा तिथून फार छान दिसतो.

एकदा वडील भाजीची पाटी घेऊन ओसरीवरून जात होते. मला पाटावर बसलेला पाहून थांबले.

“एवढं शिकला,” ते म्हणाले, “अन् बसाचं खालीच.”

मी गाल नीट पाहिला, जबड्याखाली चाचपलं. सगळं स्वच्छ होतं. तसं सांगितलं तेव्हा रावसाहेबांनी तोंड मिटलं आणि दांड्याशी उभ्या गड्याला वर घ्यायची खूण केली.